वास्कोच्या बंदरात अण्णांचा गुरुवार

आईनं ऐनवेळी नकार दिला, म्हणून माझ्या नशिबी क्रूझ आली. वाकडला राहणाऱ्या माझ्या भावानं आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, निवृत्तीनिमित्त दोन तिकिटं काढली होती. मुंबईहून कोची, मग गोवा, आणि परत मुंबई. "पाण्यावर झोपायचं? मला न्हाई जमायचं," असं म्हणून आईनं हात झटकले, आणि तिकीट माझ्या अंगावर आलं.

मी चाकणच्या कारखान्यांच्या गेटांवर कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं वाटते. त्यामुळे बातमी फुटताच टोमणे सुरू झाले. "काय राव, क्रांती आता समुद्रमार्गे येणार का?" येऊ दे, म्हटलं. रस्त्यानं तर तिला चाकण चौकातल्या ट्रॅफिकमधून बाहेर पडता येत नाही.

जहाजाबद्दल फार लिहीत नाही. पाण्यावर तरंगणारा मॉल, एवढंच. दिवसभर खायचं, आणि खाल्लेलं जिरवायला नाचायचं. आमची खोली आवरणाऱ्या मुलाला मी साप्ताहिक सुट्टी कधी असते ते विचारलं. त्यानं आधी दोन्हीकडं बघितलं, मग नुसता हसला. माझं डोकं तडकलं. अण्णा मात्र रोज पहाटे डेकवर जाऊन कठड्याच्या वेल्डिंगवर हात फिरवत. "काम चोख हाय," ते म्हणाले. "आणि बाई, हितं तरी युनियन काढू नको."

शेवटचं बंदर मुरगाव, म्हणजे वास्को; वार गुरुवार. जहाज धक्क्याला लागलं आणि सगळी मंडळी टोप्या-गॉगल लावून बीच आणि चर्च बघायला पळाली. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खाली आले. हातात पिशवी, पिशवीत तिळाची चटणी आणि भाकरवडी.

"कुठं निघालात?"

"हितल्या चिखलीला, आपल्या भोसरीशेजारच्या न्हवं. आंतोनकडं."

मी जागच्या जागी थांबले.

आंतोन कोण, ते सांगायला हवं. अण्णा बीडहून भोसरीत आले तेव्हा एमआयडीसीतल्या पोरांना खोली परवडत नसे, कॉट परवडायची. एका कॉटला दोन माणसं. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी. अण्णा कामावर निघाले की आंतोन येऊन त्याच गोधडीत शिरायचा. गोधडी अजून गरम असायची. असे दोघं पाच-सहा वर्षं राहिले, पण एकत्र जागे असायचे ते फक्त गुरुवारी. आमच्या भागात वीज वाटून घ्यायची म्हणून कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. त्या दिवशी दोघं मिळून गोधडी धुवायचे आणि स्टोव्हवर सुका जवळा भाजायचे. घरमालक पाटील खालून ओरडायचा, "कोण मेलं रं वर? वास येतोय!"

मग संप झाला. महिनोन्‌महिने चालला. एका सकाळी आंतोननं संप सोडल्याच्या कंपनीच्या हमीपत्रावर सही केली आणि तो गेटातून आत कामाला गेला. त्या दिवसापासून अण्णा त्या कॉटवर पुन्हा झोपले नाहीत, फरशीवरच झोपले. पुढं संप बुडाला आणि आंतोनही कुणाला न सांगता गोव्याला निघून गेला. आमच्या घरात त्याचं नाव कधी एकटं निघायचं नाही. 'फितूर आंतोन' असंच निघायचं. मी या शब्दावर लहानाची मोठी झाले. माझ्या पत्रकांत तो आजही असतो.

"त्याला भेटून काय करायचं?" मी विचारलं.

"आमच्या खात्यातली मंडळी वर्षातनं एकदा जेवायला जमतात. त्यालाबी बोलवावं म्हणतोय." मग जरा थांबून म्हणाले, "तुला यायचं नसंल तर तू जा चर्च बघायला."

मी गेले. अण्णांबरोबरच गेले. मला त्या माणसाला एक प्रश्न विचारायचा होता.

टॅक्सीवाल्यानं आधी आम्हाला काजूच्या दुकानात नेऊन उभं केलं. "पाच मिनिटं, मॅडम." मी त्याला ग्राहकाच्या हक्कांवर चांगलं सुनावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि अण्णांना विचारलं, "मास्तरीण?" अण्णा म्हणाले, "त्याहून वाईट." दोघं हसले. तिथून पुढं त्याची आणि अण्णांची गट्टी जमली.

वास्कोतून जाताना डावीकडं बंदराच्या क्रेन, उजवीकडं फुलझाडांनी मढवलेली घरं. खिडकीवर कोपर टेकवलं तर बाही काळी झाली. "कोळसो," टॅक्सीवाला म्हणाला. "जहाजांतून उतरवतात, वाऱ्यानं घरांत येतो." बोटीवरच्या माहितीपत्रकात निळा समुद्र होता, सोनेरी वाळू होती. कोळसा नव्हता. अशी पत्रकं कोण लिहितं ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्याकडंही 'औद्योगिक वैभव' छापतात, इंद्रायणीवरचा फेस छापत नाहीत.

चिखलीत चॅपेलजवळ विचारत विचारत घर सापडलं. बाल्कांवावर (घरापुढच्या ओट्यावर) गंजीतला एक टकलू माणूस बसून सोलां (आमसुलं) वाळत घालत होता. कोळशाची भुकटी पडू नये म्हणून त्यावर बायकोची जुनी साडी पसरत होता. अण्णा फाटकाशी उभे राहिले.

त्या माणसानं मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"गणू?" तो म्हणाला. "अजून जिता रे तू?"

"तू मेल्याशिवाय कसा जाईन?"

"फिलू!" तो आत ओरडला. "हुमण (माशाची आमटी) वाढव! भोसरी आयली!"

फिलूमावशी पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं अण्णांना वरून खालपर्यंत निरखलं. "हाच काय तो? लग्न झाल्यावर हे झोपेत तुला हाका मारायचे. म्हणायचे, गणू, ऊठ, माझी पाळी संपली."

जेवायला बसलो. हुमण, उकडा भात, किस्मूर (सुक्या जवळ्याची कोशिंबीर). अण्णांनी किस्मूर तीनदा मागून घेतलं. पण बोलणं? पोरं काय करतात, गुडघे कसे आहेत, पाऊस कधी; संपलं. मग दोघं भाताकडं बघत बसले. ज्यांची मैत्री एक झोपलेला असताना चालायची, त्यांना समोरासमोर बोलायची सवय कुठून असणार?

माझ्यानं राहवलं नाही. "काका, तुम्ही आत का गेलात?"

"जेवताना असलं विचारतात?" फिलूमावशी कडाडली.

"विचारू दे." आंतोनकाकांनी ताटातला काटा बाजूला काढला. मला वाटलं, आता कारण येणार. आजारी आई, बहिणीचं लग्न, काहीतरी. तसं आलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"भियेलों," ते म्हणाले. "भ्यालो. दुसरं काय? संपात रात्री दोघंही खोलीत; कॉटची पाळी माझी असली, की बाजूला खाली गणू. झोप त्याला नाही, मला नाही. वाटायचं, उठून सांगावं, मला भ्या वाटतं. पण तो वाघ. वाघाला कसं सांगायचं?"

अण्णांनी घास खाली ठेवला.

"वाघ कसला," ते म्हणाले. "मीबी गेटपतोर गेलो व्हतो. तुझ्या आधी. पाय आत पडला न्हाई, एवढंच. गेटावर संपाचा पहारा करणाऱ्या शिंद्यानं बघितलं असतं म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नसावं. फिलूमावशीनं अण्णांच्या भातावर आणखी हुमण वाढलं, न विचारता.

जहाजावर परतायची वेळ चारची होती. आंतोनकाका आमच्याबरोबर टॅक्सीत बसून बंदरापर्यंत आले. तिथं गार्डनं आमची कार्डं तपासली आणि त्यांना हात आडवा केला. कार्ड नाही तर प्रवेश नाही.

"पळय (बघ) गणू," आंतोनकाका म्हणाले, "आज तूं भितर वच (आत जा). हांव भायर रावतां (मी बाहेर थांबतो)."

अण्णा हसले. हसता हसता गेटाचा गज धरून उभे राहिले. गार्ड म्हणाला, "चलो अंकल, जहाज छूटेगा."

"येशील न्हवं जेवायला?"

"तू बोलावतोस. बाकीचे बसू देतील?"

अण्णांनी गज सोडला. आम्ही आत गेलो.

मी अजूनही म्हणते, गेट ओलांडणं चूकच. संप अशानंच बुडतात, आणि बुडतो तेव्हा सगळ्यांचा बुडतो. पण आमच्या पत्रकांत भीतीबद्दल एक ओळ नसते. आम्ही लिहितो 'झुंजार', 'निर्भय'. वाचणारा बिचारा समजतो, भ्यालेला तो एकटाच. त्या दिवसानंतर मी लिहिलेल्या पहिल्या पत्रकाची सुरुवात अशी आहे: 'आम्हालाही भीती वाटते.' साथींनी नाकं मुरडली. मुरडू देत.

भोसरीला पोचल्यावर अण्णांनी बॅगही उघडली नाही. जेवणाचा सगळा कारभार ज्यांच्या हाती असतो, त्याच शिंदेकाकांना फोन लावला. आई आणि मी दारातून ऐकत होतो.

"व्हय, त्योच आंतोन... न्हाई, इचारत न्हाई, सांगतोय... मग असं कर, माझंबी ताट मांडू नको." मग त्यांनी एक दम घेतला आणि गेटापर्यंत गेल्याची ती गोष्ट शिंदेकाकांना सांगून टाकली. आई माझ्याकडं बघत राहिली.

अण्णा फोन कानाला लावून भिंतीकडं बघत होते. मग शिंदेकाकांनी आंतोनबद्दल काहीतरी विचारलं असावं, कारण अण्णांचे खांदे खाली आले.

"जाडा झालाय लेकाचा," ते म्हणाले. "दोन खुर्च्या लागतील त्याला."