दोन तुकड्यांतला सूर

संगीतशाळेत त्याला सगळे संथराव म्हणत. तोंडावर नव्हे, जिन्यात. वय साठीला टेकलेलं, खांदे पुढे आलेले, आणि चालणं असं की मागून येणाऱ्याला जिन्यावर ताटकळावं लागे. तो चेलो शिकवायचा. चेलो म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण म्हणा ना. अंगाने भरलेली, आवाजाने घोगरी, दोन गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची.

त्याचं नाव झालं होतं ते एकाच रचनेवर. तीनशे वर्षांपूर्वीची, जुन्या युरोपातल्या बरोक धाटणीची एक सोनाटा होती, म्हणजे चार भागांची रचना. तिचा पहिला भाग संथरावाचा. कागदावर वरतीच लिहिलेलं, 'लार्गो', म्हणजे अगदी सावकाश, ऐसपैस. पट्टी ई मायनर, उदास रंगाची. पण रडकी नाही हं. रडून झाल्यावर तोंड धुऊन खिडकीशी बसलेल्या बाईसारखी. तो भाग तो पाच मिनिटं वाजवायचा, आणि ऐकणाऱ्याला खोकायचीसुद्धा लाज वाटायची.

गेल्या हिवाळ्यात त्याचा उजवा हात कापायला लागला. भराभर वाजवताना कळायचं नाही. पण लांब सूर सावकाश ओढायचा म्हटलं की गज तारेवर थरथरायचा आणि चेलो मेंढीसारखा बेंबटायचा. त्याने कुणाला सांगितलं नाही. शाळेच्या कार्यक्रमात तो भाग त्याने साडेतीन मिनिटांत उरकला. सगळ्यांत लांब सूर आला तिथे मध्येच खांदा उडवून गज उचलला, एका सुराचे दोन तुकडे केले आणि पुढे सटकला. पियानोवर साथीला त्याची धाकटी बहीण होती. मंचावरून उतरताना ती हळूच म्हणाली, "दादा, बस चुकत होती का रे तुझी?"

त्याला वाटलं, आता लोक नाकं मुरडणार. कसलं काय! संचालक धावतच आले. घामेजलेल्या दोन्ही हातांत त्याचा हात धरून, तोंडावर केकचा गोडूस वास सोडत म्हणाले, "सर, काय तो ताजेपणा! म्हातारी सोनाटा पळायला लावलीत तुम्ही!"

तो हसला. मग न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात घासत बसला. साबण झिजला, पण ओंगळपणा जाईना. जाणार कसा? तो संचालकांच्या घामाचा थोडाच होता!

पुढे तर कहर झाला. शाळेत त्या धावपळीची टूमच निघाली. खोली-खोलीतून तो भाग टपटप पळताना ऐकू यायचा, जणू पत्र्यावर कोंबड्या सोडल्यात. संथरावाला शिसारी यायची. जेवताना चमचा धरलेला स्वतःचा हात दिसला तरी घास घशात फिरायचा. पण बोलायचं कुणापाशी? बोललं की लोक कीव करणार, आणि कीव म्हटली की त्याला आणखीच मळमळायचं.

त्याची एक शिष्या होती, ट्रकवाल्याची लेक. सतरा वर्षांची, दणकट, बोलायला फटकळ. मोठ्या संगीत विद्यालयात चेलोची एकच जागा होती, शुक्रवारी तिची परीक्षा, आणि परीक्षेला हाच भाग. दोन आठवडे तो घरी बसवून मंगळवारी दुपारी ती शिकवणीला आली. बहीण पियानोवर बसली. पोरीने गज टेकवला आणि जी सुटली ती थेट लांब सुरापाशी. तिथे तिने खांदा उडवला, गज उचलला आणि सुराचे दोन तुकडे केले. अगदी त्याच्यासारखे.

धडधाकट, लोखंडासारखा हात, आणि त्यात त्याचं दुखणं पोरीने हौसेने घालून घेतलेलं!

"थांब! हे काय केलंस?"

"काय केलं?"

"तो सूर का तोडलास?"

"तुम्हीच नाही का तोडत? आठ दिवस घासला मी तेवढा झटका. शेजारीण दार वाजवून गेली दोनदा."

"तोडायचा नाही. आणि सावकाश वाजवायचं. लार्गो लिहिलंय वर, वाचता येतं ना?"

"पण संचालक म्हणतात तुमचीच चाल बरोबर. मग तुम्ही का पळता, सर? परीक्षेत मी पळाले तर चालणार नाही, आणि तुम्ही पळालात की टाळ्या?"

त्याच्यापाशी उत्तर एकच होतं. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने पियानोचं झाकण पुसायला घेतलं, नसलेली धूळ.

त्याने स्वतःचा चेलो ओढला आणि तो लांब सूर मुळातल्या संथपणाने लावला. गज थरथरला. खोलीभर ते बेंबटणं पसरलं, घाण, ओलं, संपता संपेना. त्याने सूर मध्ये सोडला नाही. पोरीचं तोंड आधी हसण्याच्या बेताला आलं, मग उतरलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"हिवाळ्यापासून. गज उचलतो तो हे लपवायला. ती चाल नाही, चोरी आहे. आणि तू तीच उचललीस."

बहीण म्हणाली, "मला का नाही सांगितलंस रे?"

"किळस येते मला त्याची. तुला कशाला ताटात वाढू?"

"शहाणाच आहेस. दहा वर्षांचा असताना माझ्या अंगावर ओकला होतास बसमध्ये, तेव्हा नाही विचारलंस!"

पोरगी मात्र हसली नाही. "आणि परीक्षकांनी विचारलं तर? की तुझे सर पळतात, तू का नाही?"

"सांग, त्यांचा हात कापतो."

"मी नाही असलं सांगणार."

"मग संचालकांना मीच सांगतो, आज संध्याकाळी. शुक्रवारपर्यंत गावभर होईल, तुला तोंड उघडावं लागणार नाही. धर पहिल्यापासून."

तिने धरलं. सावकाश वाजवायची तिची सवयच मोडली होती. पहिल्या खेपेला गज निम्म्यातच संपला, दुसऱ्या खेपेला सूर किरकिरला. चौथ्या खेपेला लांब सूर एका गजात, एकसंध, शेवटपर्यंत गेला.

"दंड भरून आला, सर," ती कुरकुरली.

"येऊ दे," तो म्हणाला. "पुन्हा."