काचघरातली कपाशी

काचघराच्या दारात मी बूट काढले. खळ्यावर पायताण घालून जायचं नाही ही आमची सवय. म्हटलं, इथंही झाडंच आहेत. डच मंडळी माझ्या फाटक्या मोज्यातून डोकावणाऱ्या अंगठ्याकडं अदबीनं बघू लागली... तर असा हा अनुभव सांगणारा माणूस! चमत्कारबिमत्कार असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही म्हणतो, पण जरा हळू आवाजात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालन्यातल्या बियाणे कंपनीनं मला ट्रेनिंगला हॉलंडला पाठवलं होतं. बायको सुमन इकडं वाटूरजवळच्या शेतात कपाशीचा सीड प्लॉट सांभाळत होती. सुट्टीच्या दिवशी आम्हाला एक जुना किल्लेवजा राजवाडा दाखवायला नेलं — भोवती पाण्याचा खंदक, मागं देशोदेशीच्या झाडांची बाग. काचघरात चांगलाच उकाडा होता. आणि कोपऱ्यातल्या कुंडीत — कपाशी! गाववाली भेटल्यासारखं झालं.

पण तिच्या बुंध्याला हिरवी, लाल काठाची चिंधी करकचून बांधलेली. सुमनचं एक पातळ अगदी तसलंच. क्रॉसिंग केलेल्या, म्हणजे हातानं पराग लावलेल्या फुलाला खूण म्हणून धागा बांधतात, पण बुंध्याला? झाडाला काचत होतं. सोडावी म्हणून वाकलो, गाठीला बोटं लावली, तोच गाईड बाई ओरडल्या, "प्लीज, डोन्ट टच!"

"ही चिंधी..."

"कुठली चिंधी?" त्यांनी वाकून बघितलं. मला तर दिसत होती.

कशात जीव लागेना. संध्याकाळी घरी फोन लावला. धाकट्या भावानं उचलला.

"दादा, घाबरू नको. दुपारी प्लॉटमधी वहिनीला पान लागलं." म्हणजे साप चावला, आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत. "जालन्याला ॲडमिट केलंय. शुद्धीवर न्हाई अजून."

मिळेल त्या विमानानं परतलो. पोचलो तर सुमन शुद्धीवर आल्ती. घोट्याच्या वर काळानिळा वळ. साप चावल्याबरोबर तिनं पातळाचा काठ फाडून तिथं आवळला होता — तेच हिरवं पातळ. असं बांधायचं नसतं म्हणून डॉक्टर तिला रागावलेही.

मी राजवाड्यातलं सगळं सांगितलं. बुटासकट. याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही, आजही नाही.

सुमन हसली नाही. वळावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "दवाखान्यात नेताना जीपमधी कोणतरी माझी गाठ सोडून राह्यलं होतं. समदे म्हणतात, कोणीच न्हाई. मी वरडले, हात लावू नका... तुमीच होते का हो ते?"