बकलाव्याचा आवाज

आमच्या शेजारचा स्टॅनली मूळचा वसईचा, पण गेली बावीस वर्षं इथे शारजात, अल मजाज भागातल्या एका तुर्की बेकरीत बकलावा ही पापुद्र्यांची मिठाई करतोय. "कंटाळा नाही येत?" विचारलं की म्हणतो, "छाया, पोट भरतंय ना? मग खलास." खोटारडा आहे. त्या बकलाव्यावर त्याचा जीव आहे.

त्याचं काम पाक ओतायचं. भट्टीतून काढलेल्या कढत ताटावर निवलेला पाक ओतायचा आणि वाकून ऐकायचं. चर्र आवाज आला तर पापुद्रे कुरकुरीत राहतात. नाही आला तर ताट आधीच निवलंय, बकलाव्याचा लगदा होणार. स्टॅनलीने 'ओके' म्हटल्याशिवाय ताट दुकानात जात नाही.

यंदा रमजानच्या तोंडावर त्याचे कान गेले. मोठ्याने बोललं तरच ऐकू येतं. हे फक्त त्याच्या बायकोला, एडनाला, आणि मला ठाऊक. वय एकोणसाठ. नोकरी गेली की व्हिसाही गेला, आणि लेकीचं, टेसाचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष. म्हणून हा पठ्ठ्या रोज ताटावर वाकायचा, ऐकल्याचं सोंग करायचा आणि 'ओके' म्हणायचा. मला त्याचा रागही यायचा आणि कीवही. त्यात त्याची मालकीण अफनान रोज शेजारी येऊन उभी राहू लागली. पाळत ठेवतेय, असं वाटून तो धास्तावला.

ईदच्या आदल्या दिवशी ताट बाहेर काढलं आणि नेमकं त्याला कोणीतरी दुकानात बोलावलं. परत येऊन त्याने पाक ओतला, कान लावला. काहीच नाही. रोज ताट थेट भट्टीतून यायचं म्हणून निभायचं; आज मध्ये वेळ गेला होता. ताट हाताला गरम लागत होतं, पण पुरेसं गरम होतं का, ते आवाजच सांगतो. उद्या हे लोकांच्या घरी ईदला जाणार. त्याच्या तोंडून 'ओके' निघेना.

"मॅडम, मुझे सुनाई नहीं देता," तो म्हणाला.

अफनान त्याच्या कानाशी येऊन ओरडली, "मालूम है, अंकल! पूरा रमजान मैं यहाँ क्यों खडी हूँ?"

"और ये ट्रे?"

"चुप है. फेंक दो. यल्ला, दूसरी निकालो!"

संध्याकाळी आमच्या दारात उभं राहून हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. "बावीस वर्षांत ताट फेकताना पहिल्यांदाच बरं वाटलं गं," तो म्हणाला.