बंबात गेलेली पानं

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या पायजम्यात नाडी ओवणं. भोपाळमधल्या आमच्या कोटऱ्याच्या घराच्या गच्चीवर ऊन होतं. ती सेफ्टी पिन पुढं ढकलत होती आणि मी नाडीचं मागचं टोक धरून बसलो होतो, आत जाऊ नये म्हणून. एवढंच माझं काम, तेही मला जमत नव्हतं.

"धरा की नीट. लक्ष कुठंय?"

"धरलंय."

"धरलंय म्हणे. दोनदा आत गेली."

लक्ष नव्हतंच. सकाळी सुनेनं फोनवर आलेलं एक पत्र वाचून दाखवलं होतं. जर्मनीच्या एका बाईचं. आमच्या जर्मन साहेबाच्या आयुष्यावर ती पुस्तक लिहितेय. साहेब आता ऐंशीच्या पुढं गेलाय, एका कानानं ऐकू येत नाही, पण डोकं शाबूत आहे. त्याचं दर वर्षी आम्हाला कार्ड यायचं, सून उत्तर लिहायची, त्यावरून त्यानंच आमचा नंबर दिलेला. बाईचं म्हणणं असं, की लंगुरांनी साहेबाची संगीताची पानं पळवली त्या दिवशी नेमकं काय झालं, ते तुमच्या तोंडून, तुमच्या भाषेत रेकॉर्ड करून पाठवा. पुस्तकात छापायचंय.

लंगुरांनी काही नेलं नव्हतं. मी जाळली होती.

मी सातवी नापास माणूस. वडील नागपूरच्या कचेरीत शिपाई होते, कचेरी भोपाळला हलली तसे तेही हलले. मी चार इमलीतल्या एका सरकारी पाहुणेघरात चौकीदार लागलो आणि लग्नानंतर ही तिथंच स्वयंपाकाला लागली. मागच्या दोन खोल्यांत संसार. मोठमोठे लोक येऊन गेले, सगळ्यांची पंख्याबद्दल तक्रार. जर्मन साहेब एका हिवाळ्यात आला, तीन महिने राहिला आणि कशाबद्दलच बोलला नाही. संगीतकार होता. म्हणजे गात नाही, वाजवत नाही, दुसऱ्यांनी काय वाजवायचं ते लिहून देतो. हे कळायला मला आठवडा लागला. हिला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणाली, "साडीचं डिझाइन काढणारा काय स्वतः साडी विणतो?"

साहेबाची हिंदी पुस्तकातली होती, हिची बाजारातली. तरी दोघांचं जमायचं. संध्याकाळी ही व्हरांड्यात मेथी निवडत बसायची आणि तो तिला आपली कहाणी सांगायचा. बाप लढाईत गेलेला. गाव बाँबनं पडलेलं. आईनं पडक्या घरांच्या विटा साफ करून पोट भरलं. शाळेत एक पियानो उरला होता, त्याच्या निम्म्या पट्ट्या मुक्या. हा त्याच्यावर शिकला. जिथं आवाज येत नाही तिथंही बोट ठेवायचं, तेवढा वेळ थांबायचं, मग पुढं जायचं. पुढं तीस वर्षं शाळेत पोरांना गाणं शिकवलं. स्वतःचं लिहिलेलं लोकांपुढं ठेवलं की लोक हसायचे. एकदा तर निम्मे लोक मधूनच उठून गेले. नंतर बायकोही गेली. हे सगळं तो हसत सांगायचा. हिचे हात मात्र मेथीत तसेच थांबलेले असायचे.

त्याची लिहायची तऱ्हा उलटी होती. पाच-पाच रेघांच्या कागदावर शिसपेन्सिलीनं काळं करून टाकायचा, आणि मग आठ-आठ दिवस ते खोडत बसायचा. खोडून खोडून पानावर चार टिंबं उरली की पान पक्कं झालं. भरलेलं पान कच्चं. हे त्यानं हिला सांगितलं होतं, मला नाही. मी बघायचो तर टेबलावर छान भरलेली पानं, आणि खाली भिंतीशी मळकी, पुसट, रबराच्या चुऱ्यानं माखलेली पानं. कोणती रद्दी, हे शहाण्या माणसाला सांगावं लागतं का?

त्या वर्षांत सकाळी लाइट जायची ती दुपारीच यायची. गीझर भिंतीवर शोभेला. पाणी बंबात तापायचं. साहेब दोन दिवस भीमबेटक्याकडं गेला होता, सकाळी उघड्या जीपमधून परत आला तर ओठ निळे. म्हणाला, "गरम पानी, भाई." लाकडं दवानं ओली. पेटेना. मी त्याच्या खोलीत गेलो, भिंतीशी पडलेला गठ्ठा उचलला आणि बंबाच्या पोटात घातला. काय सुरेख पेटला. साहेब कढत पाण्यानं अंघोळ करून शीळ घालत बाहेर आला. त्याच्याच गाण्यावर तापलेलं पाणी होतं ते.

मग तो टेबलाशी बसला. मग खाली वाकला. मग नुसता उभा राहिला.

मी म्हटलं, "लंगूर आया था, साहब. खिड़की से. ले गया." का म्हटलं विचारू नका. नोकरी, पोराचं शिक्षण, आणि तो चेहरा. तेवढ्यात ही चहा घेऊन दारात आली. बंबाशी पानाचा अर्धवट जळालेला एक कोपरा पडला होता, तो बघूनच आली होती. साहेबानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिला विचारलं, "दीदी, आपने देखा?"

तिनं मान हलवली. हो म्हणून.

पुढचं माझ्यापेक्षा तिला जास्त लागलं. साहेब दोन दिवस झाडाझाडाखाली पानं शोधत फिरला आणि हिला बरोबर घेऊन गेला. ही वाकून वाकून पाचोळा चाळायची. राख कुठं आहे ते तिला माहीत होतं, रोज सकाळी तीच ती काढायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, राहू दे दीदी, आणि खोलीत जाऊन आठवेल तेवढं पुन्हा लिहायला लागला. जे आठवलं नाही तिथं काहीच लिहिलं नाही. जागा सोडली.

त्याच कामानं त्याचं नाव झालं. म्हातारपणी एकदम मोठे मोठे हॉल, हार-तुरे, आपल्याकडच्या पद्मश्रीसारखं काहीतरी. आणि तो प्रत्येक ठिकाणी सांगायचा, की भोपाळच्या लंगुरांनी माझं संगीत नेलं आणि काय ठेवायचं ते मला शिकवलं. सुनेनं आम्हाला ते संगीत एकदा फोनवर ऐकवलं होतं. बराच वेळ कोणी काही वाजवेचना. मी म्हटलं, नेट गेलं. ही म्हणाली, "गप्प बसा, चालू आहे." शेवटपर्यंत ऐकलं तिनं, आणि त्या दिवशी जेवली नाही.

तर गच्चीवर नाडी ओवताना ती म्हणाली, "खरं सांगून टाका आता."

"म्हातारा मरायला टेकलाय. लंगुरांवर त्याचं सगळं उभं आहे. ते काढून घेऊ?"

"त्याला वाटतं देवानं नेलं. तुम्ही नेलंत."

"भलं तर झालं ना त्याचं?"

"तुमच्यामुळं नाही झालं." तिनं पिन बाहेर काढली, नाडीची दोन्ही टोकं सारखी केली. "आणि माझंही सांगा. मला माहीत होतं आणि मी हो म्हटलं. झाकू नका. त्यानं तुम्हाला नव्हतं विचारलं. मला विचारलं होतं."

"बघू उद्या."

"तुमचा उद्या मला चांगला ठाऊक आहे. या गोष्टीत पंचवीस वर्षं तोच बघतेय."

पायजमा माझ्या मांडीवर टाकून ती खाली गेली. चारच्या सुमाराला चहा टाकला आणि ओट्याला धरून खाली बसली. घाम फुटलेला. मुलानं गाडी काढली, मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं बघितलं आणि आत घेतलंच नाही. एका चहाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. बावन्न वर्षांचा संसार, आणि माझं तिच्याशी शेवटचं बोलणं काय, तर बघू उद्या.

तिला घरी आणलं. अंधार पडला होता म्हणून सकाळी न्यायचं ठरलं.

सकाळी हॉल माणसांनी भरला. ती मधे, चटईवर. गुरुजी आले, मुलगा बांबूचं बघायला गेला. मी भिंतीला टेकून बसलो होतो. सुनेला हाक मारली.

"फोन आण. त्या जर्मन बाईला पाठवायचंय ते लाव."

"बाबा, आज? बाद में कर लेंगे ना."

"आत्ता. ती घरात आहे तोवर."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. म्हातारा गेला कामातून, असं बघतात तसं. सून माझ्यासमोर बसली, फोन धरला. मी बोलायला लागलो. ओली लाकडं, बंब, गठ्ठा, सगळं सांगितलं. जड गेलं नाही. मग म्हटलं, "माझ्या बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगितलं म्हणून तिनं मान हलवली."

सुनेचे डोळे भरले. शेजारची बाई म्हणाली, "खरंच हो, माणूस होती सोन्यासारखी." मी चटईकडं बघितलं. समोर ती होती, नाकात कापूस, बोलू न शकणारी. ती गप्प झाल्याचा फायदा घेऊन मी पुन्हा तेच करत होतो.

"हे पुसून टाक," सुनेला म्हटलं. "परत लाव."

"चांगलं झालंय बाबा."

"खोटं आहे. लाव."

दुसऱ्यांदा सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "माझ्या बायकोला सगळं माहीत होतं. साहेबानं तिला विचारलं आणि ती त्याच्याशी खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली. मग दोन दिवस त्याच्याबरोबर खोटं खोटं शोधत फिरली. पंचवीस वर्षं तिला ते पचलं नाही. ती काल गेली. हे तिनं सांगायला सांगितलंय."

शेजारची बाई पुटपुटली, "निदान आजच्या दिवशी तरी तिला खोटारडी म्हणू नये माणसानं." गुरुजींनी घड्याळात बघितलं.

सून म्हणाली, "पाठवू?"

तिकडं एक म्हातारा चांगल्या कानाशी फोन धरून हे ऐकणार, त्याच्या आतलं काय मोडणार, हे मला ठाऊक नव्हतं. आजही नाही.

"पाठव," म्हटलं. ते गेल्याचं तिनं मला दाखवलं. मग मी मुलाला आत बोलावलं आणि म्हणालो, आता न्या.