बंड्याचं पोट

सकाळी दुकानाचं शटर वर ढकललं की पायरीवर कंपाउंडरकाका उभे असत. हातात वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर सशाच्या सात-आठ लेंड्या. त्यातली एक चिमटीत घेऊन ते चुरडत आणि माझ्या नाकापुढे धरत. "पाहा भाऊ, आत निस्तं गवत. वास हाय का? न्हाई. पोट चालू हाय, मंग काळजी न्हाई." उदबत्ती लावायच्या आत मला रोज हे दर्शन घडायचं. जालन्यात असा भाग्यवान दुकानदार दुसरा नसावा.

माझं झेरॉक्सचं दुकान मस्तगडला. वरच्या दोन खोल्यांत काका, काकू आणि त्यांची मुलगी भाड्यानं राहत. काकांची सगळी नोकरी जाफराबादकडे ढोरांच्या दवाखान्यात गेली. हुद्दा शिपायाचाच, पण बैलाच्या तोंडात औषधाची नळी घालणारा माणूस लोकांच्या लेखी कंपाउंडरच. निवृत्त झाल्यावर मुलीच्या कॉलेजसाठी ते इकडे आले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली एकुलती एक मुलगी. तिनं एक दिवस बाजारातून ससा आणला आणि त्याचं नाव ठेवलं बंड्या.

मुलगी लाड करणारी. बिस्किट, चपाती, गाजर, जे मागेल ते. मागेल म्हणजे काय, ससा थोडाच मागतो! पण त्याचं नाक हललं की हिला तो मागतोय असं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात बंड्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. काकांनी त्याला उचललं, पोटाला कान लावला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. "पोट बोलंना," एवढंच म्हणाले. मग दिवसभर बिनसुईच्या सिरिंजनं थेंबथेंब पाणी, पोटावरून हलका हात. दिवे लागायच्या सुमाराला साठीचा हा माणूस धाडधाड जिना उतरून दुकानात आला आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "पडली! लेंडी पडली!"

त्या दिवसापासून घरात कायदा लागू झाला. रोज सशाच्या अंगाएवढा ढीग वाळल्या गवताचा. स्वच्छ पाणी. मूठभर हिरवा पाला. गाजर कधीमधी, बोटाच्या पेराएवढं. पोळी, भात, गूळ, बिस्किट बिलकुल बंद. "बैलाला चुकीचं काही गेलं तर सांभाळता येतं, भाऊ. सशाला ओकतासुद्धा येत न्हाई. आत गेलं ते गेलं."

गवत ते जाफराबादहून आणत. वाळलेल्या मारवेलचा भारा घेऊन एसटीत चढत. कंडक्टर ओळखीचा. "कंपाउंडर, म्हैस घेतली का काय?" "न्हाई, ससा." "किती?" "एक." सगळी गाडी हसायची. काका भारा मांडीशी धरून खिडकीबाहेर पाहत बसायचे. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही तक्रार म्हणून.

मग एका पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला. सोमवारी ताप आला म्हणून ती कॉलेजला गेली नाही आणि शुक्रवारी तिला घरी आणलं ते चादरीत गुंडाळून. एकोणीस वर्षांची होती. जनावराच्या पोटाला कान लावून आतलं ओळखणारा माणूस दवाखान्याच्या बाकावर चार दिवस बसून होता आणि कुणी त्याला काही विचारलं नाही.

काकूंनी बोलणं टाकलं. सकाळी उठायच्या त्या बंड्याला गवत घालायला. त्याला मांडीवर घ्यायच्या, कानामागे खाजवायच्या, पुन्हा आडव्या व्हायच्या. काका एकदा पायरीवर म्हणाले, "बंड्या हाय तवर ही उठती, भाऊ. तो गेला तर हिला काय म्हणून उठवू?" तुमच्या लक्षात आलं असेल, लेंड्यांचा कागद रोज खाली का यायचा ते. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. म्हणून पुढचं सांगताना मला सबब उरत नाही.

वर्षश्राद्ध गच्चीवर केलं. पान मांडलं : पुरणपोळी, खीर, भजी, मुलीला आवडायची म्हणून बटाट्याची भाजी. कावळा पाण्याच्या टाकीवर बसला होता, पण खाली येईना. भटजींनी सांगितलं तसं एकेकानं पानापुढे हात जोडून कबूल केलं. तुझ्या आईला सांभाळू, तुझी पुस्तकं गरिबाच्या लेकराला देऊ. कावळा मान फिरवून बसला. दोन वाजले, अडीच झाले. काकू पानाशेजारी उन्हात बसून होत्या, घोटभर पाणीही घेतलं नव्हतं.

मला गप्प बसवत नाही हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "काका, तिचा जीव कशात व्हता? बंड्यात. कावळ्याची वाट कामून पाहून राह्यलो आपण? त्याच्या तोंडी घास द्या, तिला पोचला समजा." पाहुण्यांनी माना डोलावल्या. काकूंनी वर पाहिलं. वर्षभरात त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

काकांनी मला टाकीमागे नेलं. हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, पुरण हाय ते. डाळ, गूळ. त्याचं पोट बंद पडंल."

"एका घासानं काय होतंय काका? काकूंकडं पाहा."

त्यांनी पाहिलं. मग खाली जाऊन बंड्याला घेऊन आले. नखाएवढा तुकडा मोडला. काकू म्हणाल्या, "एवढासा? लेकीचा घास असा असतो का? उपाशी धाडता का तिला?" मग काकांनी चतकोर पोळी दिली. बंड्यानं सगळी खाल्ली आणि काकांची बोटं चाटली. काकू हसल्या. मोठ्यानं, पदर तोंडाला लावून हसल्या. आम्ही सगळे जेवलो. मी पुरण दोनदा वाढून घेतलं. हात धुवत होतो तेव्हा कावळाही उतरला आणि पान साफ करून गेला.

दुसऱ्या दिवशी काका पायरीवर आले ते मोकळ्या हातांनी. वरून सिरिंज धुतल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज येत राहिला. ढोरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी सुई दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी काका मुलीच्या ओढणीत बंड्याला घेऊन उतरले. स्कूटरवरून आम्ही कुंडलिका नदीच्या काठी गेलो. खड्डा त्यांनीच केला, मला हात लावू दिला नाही.

"काका, चुकलो मी. माझ्यामुळं झालं."

"तुम्ही बोललात, भाऊ. दिलं म्या. तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो आणि मालूम असून दिलं." माती लोटता लोटता ते थांबले. "ही हसली ना पण. म्या तर आशाच सोडली व्हती." मग म्हणाले, "पुरणाचं हिला कळू द्यायचं न्हाई. तिनंच मोठा घास मागितला व्हता. इचारलं तर मी सांगतो, लेकीच्या नावाचा घास कसा बाधंल? वय झाल्तं त्याचं, असं म्हणायचं."

बंड्या जेमतेम तीन वर्षांचा होता.

त्यानंतर काका पायरीवर यायचे, बसायचे, उठून जायचे. जाफराबादची फेरी बंद झाली. थंडीत एका सकाळी ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

महिन्याभरानं काकू दुकानात आल्या. भावाकडे राहायला निघाल्या होत्या. पेन्शनच्या कागदांसाठी काकांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती हव्या होत्या. मी मशीन सुरू केलं. दाराच्या चौकटीला टेकून त्या स्वतःहून बोलू लागल्या.

"यांना सशातलं लय कळायचं, पण त्या दिवशी हे अडून बसले व्हते. तुम्ही म्हन्लं म्हणून माझी पोर जेवली, भाऊ. घास पोचला तिला. म्हणून तर बंड्या मागं राह्यला न्हाई, दोन रोजात तिच्याकडं गेला. आता हेही गेले. तिघं एका जागी असतील. मला त्याचंच समाधान हाय. तुमचे उपकार हायेत."

मशीनमधून पाचवी प्रत बाहेर आली. मी कागद सरळ केले, टाचणी लावली आणि "हो काकू" म्हणालो.