चहाच्या दुकानात फोडलेली सुपारी

तेलुगू मुलखातल्या मराठी शाळेचा मास्तर असूनही खात्याची तेलुगूची परीक्षा मला चुकली नाही. अभ्यासाला जागता यावं म्हणून झोप उडवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. परीक्षेत दोनदा नापास झालो आणि गोळ्या काही सुटल्या नाहीत.

त्या गोळ्यांवर माणसाला सगळं आत्ताच्या आत्ता करावंसं वाटतं. भैंशाला चहाच्या दुकानात कापसाच्या जिनिंगमधल्या एका मुकादमानं माझ्या बोलण्याची तारीफ केली. तेवढ्यावर मी त्याच्या पुतण्याला बहीण देऊन टाकली. शेजारच्या पानवाल्याकडून सुपारी आणून तिथंच फोडली. आमच्याकडं फोडलेली सुपारी म्हणजे दिलेला शब्द. वडील नव्हते, त्यामुळं शब्द माझाच. मुलगा मी पाहिला नव्हता. बहिणीनं पाहिला होता. बसस्टँडवर, पिऊन पडलेला.

"काऊन देला शब्द?" तिनं विचारलं.

"माणसं चांगली वाटली."

"मंग तूच नांद त्यायच्या घरी."

बायकोनं मला निजामाबादच्या डॉक्टरकडं ओढत नेलं. त्यानं जुन्या गोळ्या बंद करून नवी दिली. "यानं घाई कमी होईल," तो म्हणाला, "अक्कल येणार नाही." असल्या डॉक्टरला हात जोडून यावं लागलं.

घाई मात्र खरंच कमी झाली. बाजारात चार वांगी निवडायला मी इतका वेळ लावू लागलो की भाजीवाली शिव्या देई.

मग मुकादम तारीख पक्की करायला आला. "गुरुजी, येत्या सोमवारचं धरू?"

जिभेवर 'हो' आलं आणि तिथंच बसून राहिलं. मी पोहे चावत राहिलो. तेवढ्यात बहीण बाहेर आली.

"मले हे लग्न करायचं नाही."

मुकादमाचं तोंड उतरलं. "तुमच्या घरी पोरी बोलतेत काय?"

"मी बोललो का असा घोळ होते, म्हून," मी म्हणालो.

सुपारी फोडून शब्द फिरवणारा मास्तर पोरांना काय शिकवतो, ते साऱ्या सोयऱ्यांना सांगतो, असं बजावून तो गेला.

मी बहिणीकडं ऐटीत पाहिलं. "पाह्यलं? आज म्या शब्द देला नाही."

"तुह्या गोळीनं नाही देला. तू असता तं तारीख देऊन बसला असता. अन् नाही म्हणाचं काम बी मलेच करा लागलं."

उत्तर होतं माझ्याकडं, पण तोंडात यायला वेळ लागला. तोवर तिनं पाहुण्याची ताटली उचलली. मग माझीही, अर्धे पोहे तसेच असताना.