भिंगावरची बुरशी
परवा चष्म्याचं घर उघडलं, कुबट वास नाकात गेला आणि महाबळेश्वरच्या शाळेतली प्रयोगशाळा आठवली. तिथल्या पावसात चपलांपासून खडूच्या खोक्यापर्यंत सगळ्याला बुरशी यायची. मी विज्ञान शिकवायचो. सूक्ष्मदर्शक कुलपात ठेवायचो आणि वर्षातून एकदा, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवायला बाहेर काढायचो. एका वर्षी त्या दिवशी पोरांनी रांगेने डोळा लावला आणि वहीत पुस्तकातल्यासारख्या विटा-विटांच्या पेशी काढल्या. एका मुलीने मात्र मुळ्यांसारखे दोरे काढले. मी त्यावर लाल फुली मारली. “आवं सर, पण मला त्येच दिसतंय,” ती म्हणाली. “खालचं दहापटीचं भिंग काढून चाळीसपटीचं लावलं, तरी दोरं हायती तेवढीच हायती. काचपट्टीवर असती तर मोठी न्हाई का झाली असती?” पटींचा हा हिशेब मीच फळ्यावर शिकवला होता. मी डोळ्याकडचं भिंग काढून रुमालाने पुसलं, तर रुमालाला हिरवट, बुळबुळीत बुरशी लागली. म्हणजे इतकी वर्षं पोरं ही घाण बघत होती, पुस्तकातल्या विटा उतरवत होती आणि मी त्यांना दहापैकी दहा देत होतो. स्वतः मी त्यात कधी डोकावलोच नव्हतो. रुमालाकडे बघत तिने विचारलं, “सर, मग तुमाला काय दिसायचं?” “पेशी,” मी तोंड वर करून सांगितलं. चष्मा तीनदा पुसून झाला, पण त्या एका शब्दाची शिसारी अजून जात नाही.